खाडीची माणसं शेवगावच्या बांधावर

पाणी धरायचं कसं हे शिकायला आम्ही कोकणातून शेवगावला गेलो होतो, असं सांगितलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग विचारतो, "उलटं सांगताय का?" नाही, बरोबर सांगतेय. धो-धो पावसाच्या कोकणातून नगरकडच्या कोरड्या शेवगावला.

ज्यांनी आमचं गाव पाहिलं नाही त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. रायगड जिल्ह्यात खाडीच्या काठावर आम्ही राहतो. मागे डोंगर, पुढे खाडी आणि मधे भाताची शेतं. ही शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहेत, म्हणून खाडीच्या कडेने पणजोबांच्या काळापासून मातीचा लांब बांध आहे. बांधाच्या खाडीकडच्या अंगाला दगड लावलेले. बांधात लाकडी झापेचं एक दार असतं, त्याला आम्ही उघाडी म्हणतो. ओहोटीला ते आपोआप उघडतं आणि शेतातलं पाणी बाहेर जातं, भरतीला बाहेरच्या पाण्याच्या रेट्याने मिटतं. एवढ्यावर आमचं गाव उभं आहे.

अलीकडे मात्र सगळं बिनसलंय. माझी आई ज्या पायरीवर बसून मासळी धुवायची ती पायरी आता उधाणाच्या भरतीला दिसतच नाही. पाऊस आठ-आठ दिवस रिपरिप लावायचा, तो आता एका दुपारी सगळा ओतून मोकळा होतो. गेल्या श्रावणात अशाच एका दुपारी बांध फुटला. शेतांत खारं पाणी शिरलं आणि शेतांच्या कडेला असलेल्या आमच्या एकुलत्या एका गोड्या विहिरीतही शिरलं. त्या पाण्याचा चहा केला की दूध फाटतं. मी शिवणकाम करते, घरी बायकांची सारखी ये-जा. पण या वर्षी कुणाला चहा विचारायची सोय राहिली नाही.

अक्षय्य तृतीयेनंतर ग्रामसभा ठरली होती. प्रश्न एकच, बांध पुन्हा घालायचा की शेतं खाडीला सोडून द्यायची? शेतं सोडली तर विहीर कायमची गेली, आणि विहीर गेली की गावात राहून करायचं काय? चार घरांनी पनवेलला खोल्या बघूनही ठेवल्या होत्या.

या सगळ्यात वाईट अवस्था होती गोमाकाकांची. सत्तरी ओलांडलेले गोमाकाका आमच्या बांधाचे राखणदार. खेकड्यांनी पाडलेली भोकं बुजवायची, उघाडीवर नजर ठेवायची, ढासळलेला दगड परत बसवायचा, हे त्यांनी जन्मभर केलं. त्यांच्या डोळ्यांदेखत बांध फुटला. त्यांच्या तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण पाठीमागे बोलायचे. तेव्हापासून काका बांधाकडे फिरकले नव्हते.

माझा भाचा नगरजवळ नागापूरच्या एमआयडीसीत कामाला आहे. त्याच्या जोडीला काम करणाऱ्या मुलाची वस्ती शेवगावच्या पलीकडे. तिथे लोक पावसाचं मोजकं पाणी वर्षभर पुरवतात, एकदा बघून तरी जा, असं तो सारखं सांगायचा. मी गावच्या पाणी समितीत आहे, मला जायचंच होतं. काकांना न्यायचं मी मनाशी ठरवलं.

"मना कशाला नेतेस?" काका म्हणाले. "मना बांध राखता नाय आला. मी काय शिकनार?"

"शिकायला नको या. मला सोबतीला या," मी म्हटलं. बाईमाणूस एकटं कसं जाणार, हा मुद्दा त्यांना पटला. मी एकटी मुंबईला जाऊन कापड आणते हे ते सोयीस्करपणे विसरले, आणि मीही आठवण करून दिली नाही.

शेवगाव

पाहुणे म्हणून जायचं तर रिकाम्या हाताने कसं जायचं? मी पिशवीभर सुकट आणि सुके बोंबील घेतले. देशावरच्या लोकांना कुठून मिळणार हे, असा माझा तोरा. नगरहून शेवगावच्या गाडीत बसलो तर कंडक्टर दोनदा वाकून बाकाखाली बघून गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मीच पिशवी मांडीवर घेतली आणि खिडकीबाहेर बघत बसले.

शेवगावला उतरलो तर त्या दिवशी बाजार भरलेला. ज्वारी-बाजरीची पोती, मिरच्यांचे ढीग, आणि त्यांच्या शेजारी गोणपाटावर, माझा विश्वासच बसेना, सुकटीचा हा एवढा डोंगर. काका माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसले. श्रावणानंतर मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहत होते, म्हणून मी सुकटीचा अपमान गिळला.

वस्तीवर पोहोचलो तेव्हा ऊन कलायला आलं होतं. घराच्या मालकीण, म्हणजे भाच्याच्या त्या मित्राच्या आई कमलअक्का, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या, दारात उभ्या. "या, बसा. रावसाहेब येत्यातच," म्हणाल्या. रावसाहेब म्हणजे कुणी तहसीलदार असणार, असं वाटून मी पदर नीट केला, काकांना टोपी सरळ करायला लावली आणि खाटेच्या कडेवर ताठ बसले. दहा मिनिटांनी एक सडपातळ गृहस्थ म्हशीला हाकत अंगणात आले. मी तरीही उठून उभी राहिले आणि नमस्कार केला. ते म्हशीचे मालक, कमलअक्कांचे यजमान आणि या वस्तीच्या पाण्याचं सगळं बघणारे रावसाहेब. इकडे घरटी एक रावसाहेब, बाळासाहेब नाहीतर भाऊसाहेब असतो, बारशालाच तसं नाव ठेवतात, हे मला तेव्हा कळलं.

हातपाय धुवायला अक्कांनी तांब्या दिला. आमच्याकडे पाय धुवायचे म्हणजे बादली ओतायची. मी अंगणाच्या मधोमध उभी राहून तांब्या रिकामा केला आणि दुसरा मागितला. अक्कांनी तो दिला, चेहऱ्यावर जराही नाराजी नाही. फक्त हळूच म्हणाल्या, "ताई, दोन पावलं हिकडं सरका. लिंबाला बी प्यायला लागतंय." तेव्हा माझ्या लक्षात आलं, कुंपणापाशी लिंबाचं झाड होतं आणि त्याच्या बुंध्याशी पाय धुवायचा दगड. घरात आलेला प्रत्येक पाहुणा त्या झाडाला पाणी घालून आत जात होता. मी चांगलीच खजील झाले.

जेवायला हुलग्याच्या, म्हणजे आमच्या कुळथाच्या पिठाचे शेंगोळे होते. त्या गरम, तिखट रश्श्यात बाजरीची भाकरी कुस्करून आम्ही इतकं खाल्लं की काकांनी धोतराची गाठ सैल केली. भाताशिवाय घास न उतरणारा माणूस, पण भाताचं नावही काढलं नाही. आणि पाणी! साधं तांब्याच्या भांड्यातलं पाणी. महिनोन्महिने मचूळ पाणी पिऊन माझी जीभ काय विसरली होती ते त्या एका घोटात कळलं. मी तीन भांडी प्यायले. कोरड्या मुलखातल्या घरी जाऊन तीन भांडी पाणी प्यायलेली मी बहुधा पहिलीच कोकणी बाई असेन.

सुकटीची पिशवी मी लाजत पुढे केली. अक्कांनी ती उघडून मनसोक्त वास घेतला. "बाजारात मिळती ती निस्ती धूळ. ही लई ताजी हाय," म्हणाल्या. खरं बोलल्या की माझं मन राखलं, मला अजून माहीत नाही.

नाल्यावरचा बांध

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत रावसाहेबांनी आम्हाला वस्तीच्या वरच्या अंगाला नेलं. तिथे नाल्यावर आडवा मातीचा बांध आहे. पावसात वाहून जाणारं पाणी त्याच्यामागे अडतं, मुरतं आणि खालच्या विहिरींना लागतं. पावसाळ्याआधी त्याची डागडुजी करायची, तर घरटी एक माणूस येतो. पंधराएक जण जमले होते. मला घमेलं दिलं. काकांना सावलीत बसा म्हणाले.

पण मातीचा ढीग दिसल्यावर काका कसले बसतायत! ते ढिगापाशी गेले, चिमूटभर माती उचलली आणि जिभेवर ठेवली. काम करणारे सगळे थांबून बघायला लागले.

"काय वं मामा, माती खाताय व्हय?" एकाने विचारलं.

"गोडी हाय," काका मान डोलवत म्हणाले. "चांगली हाय. बांधाला चालंल."

आमच्याकडे माती चाखूनच घेतात. खारी माती बांधाला वापरली तर ती वाळून फुटते. शेवगावच्या लोकांनी जन्मात माती चाखली नव्हती, आणि आपली माती गोड आहे हे त्यांना एका परक्या म्हाताऱ्याने सांगितलं. दोघाचौघांनी चिमूट चिमूट घेऊन बघितली. एकजण म्हणाला, "आरं, खरंच की!" त्याला काय चव लागली असेल देव जाणे.

मग काका दगड लावायला बसले. बांधाच्या उतारावर दगड असे बसवायचे की एकमेकांना धरून राहतील. काकांचा हात एकदा लागला की दगड हलत नाही. निरुंद तोंड आत, रुंद बाजू बाहेर, फटीत दगडाची चिप ठोकायची. बघणाऱ्याचं भान हरपावं असं काम. सकाळभर त्यांनी चार-पाच हात लांबीचा पट्टा बसवला. कित्येक महिन्यांनी त्यांचे हात असे चालत होते. मी घमेली वाहता वाहता त्यांच्याकडे बघून मनातल्या मनात सगळ्यांचे आभार मानत होते.

न्याहारीची दुरडी घेऊन कमलअक्का आल्या. बांधावर चढल्या, काकांचं काम बघितलं आणि दुरडी खाली ठेवली.

"मामा, लई झ्याक लावलाय दगूड," त्या म्हणाल्या. "पर पानी तिकडून न्हाई येत."

काका बसल्या जागी थांबले. "मंग कुठून येतं?"

"वरून. डोंगराकडून. ह्या अंगाला साठतंय." त्यांनी बांधाची दुसरी बाजू दाखवली.

"पानी खालून येतं," काका म्हणाले. ते वाद घालत नव्हते. सत्तर वर्षांत त्यांच्यासाठी पाणी खालूनच आलं होतं, समुद्रातून. बांधावर बसलं की हात आपोआप खालच्या अंगाला दगड लावणार, त्याला ते तरी काय करणार! आणि माझ्याही लक्षात आलं नाही, कारण मीही खाडीचीच.

"आवो, मग तुमी सांगितलं का न्हाई?" अक्कांनी सगळ्यांना फैलावर घेतलं.

रावसाहेब डोकं खाजवत म्हणाले, "आमी म्हनलं, खाडीवरचं जानतं मानूस हाय. त्यांची काई तरी रीत आसंल. मंग आमी बी गप बसलो."

आधी अक्का हसल्या, मग रावसाहेब, मग सगळा बांध. मला मात्र धाकधूक. आत्ता कुठे माणूस हातपाय हलवायला लागला आणि पुन्हा चूक पदरात पडली. पण काकाही हसत होते. "म्हंजे तुमचे बांधाचं तोंड डोंगराकडं," ते म्हणाले. "आमचे बांधाचं तोंड खाडीकडं. आतल्या अंगाला आमी एक दगड लावत नाय."

भाकरी आणि ठेचा खाता खाता रावसाहेबांनी आमच्या बांधाची सगळी हकिकत विचारून घेतली. उघाडी, उधाण, श्रावणातली ती दुपार. ऐकताना ते सारखे मान हलवत होते. शेवटी म्हणाले, "मामा, एक सांगा. बांध फुटला तवा दगड कुठं पडलं? आत शेतात, का भाईर?"

"भाईर," काका म्हणाले. "खाडीच्या चिखलात. ओहोटीला आमीच येचून आनले."

"समुद्रानं फोडला आसता तर दगड शेतात आलं आसतं," रावसाहेब म्हणाले. "आमचा बांध फुटतो तवा बी माती खालच्या अंगाला जाती. मामा, तुमचा बांध समुद्रानं न्हाई फोडला. तुमच्या पावसाच्या पान्यानं आतून फोडला."

काकांच्या हातातली भाकरी हातात राहिली. मी त्या दुपारी गावातच होते, मलाही सगळं आठवायला लागलं. पाऊस ओतत होता. उधाणाची भरती, म्हणून उघाडी मिटलेली. डोंगराचं सगळं पाणी शेतात उतरून छातीएवढं तुंबलं होतं आणि त्याला बाहेर जायला वाट नव्हती. आतली उघडी माती भिजून ढासळली, आणि भरती उतरायला लागताच तुंबलेलं पाणी बांध फोडून बाहेर धावलं. बांध फुटल्यावर ओहोटीला शेतं रिकामी झाली आणि पुढच्या भरतीला खाडी आत आली. आम्ही सगळ्यांनी आत येणारी खाडी बघितली आणि तिच्याच नावाने बोटं मोडली.

"मी खाडीच्या अंगाला गोनी लावत होतो," काका हळूहळू म्हणाले. "दिसभर तिकडंच तोंड करून. मागं बगलंच नाय."

"कसं बघनार?" अक्का म्हणाल्या. "जल्मभर पानी म्होरून आलं, मानूस मागं का बघंल? मामा, ह्यात तुमची काय चुकी न्हाई. खावा ती भाकरी."

किती साधेपणाने बोलल्या! गावातल्या एकानेही, माझ्यासकट, हे वाक्य त्यांना म्हटलं नव्हतं. काका डोळे पुसून भाकरी खायला लागले. मला रडू आवरेना, म्हणून मी ठेचा तिखट लागल्याचं सोंग केलं. अक्कांनी लगेच पाण्याचा तांब्या पुढे केला.

न्याहारीनंतर काकांनी आपण लावलेला सगळा दगड स्वतःच्या हाताने काढला आणि बरोबर बाजूला बसवला. मदत करू दिली नाही.

रशीदभाईंचा कागद

तिसऱ्या दिवशी रावसाहेबांनी आम्हाला डोंगराच्या उतारावर आडवे खणलेले चर दाखवले. पावसाचं पाणी धावत सुटायच्या आधी तिथेच थबकतं. मग शेततळ्यावर नेलं. शेततळं म्हणजे मोठा चौकोनी खड्डा, त्याला आत जाड प्लास्टिक अंथरलेलं. त्याला इकडे सगळे कागदच म्हणतात. पाण्यात कागद कसा टिकेल, असं मी विचारून पुन्हा एकदा सगळ्यांची करमणूक केली.

कागदाचे तुकडे जोडणारे रशीदभाई आधी नागापूरला एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करायचे. आता गावोगाव जाऊन शेततळी जोडतात. गरम मशीन सांध्यावरून असं अलगद सरकवायचे की मला माझी शिवणाची टीप आठवली. मी उत्साहात खाली उतरायला लागले.

"चप्पल काढा, ताई!" ते ओरडले. "एक खडा रुतला की कागद गेला."

अनवाणी उतरून मी सांधा बोटाने चाचपला. दुहेरी टीप होती. हे काम मला जमण्यासारखं आहे असं मी म्हटलं तेव्हा त्यांनी थट्टा केली नाही, मशीन माझ्या हातात दिलं. पहिला वीतभर सांधा मी जाळला. दुसरा बरा आला.

मी त्यांना आमचा खारा किस्सा सांगितला. ते म्हणाले, "विहिरीपाशी न्हाई, वर खोदा. डोंगराचं पानी वरच धरा. उन्हाळ्यात प्यायला तेच, आन् जेवढं वर आडलं तेवढं तुमच्या बांधावर कमी पडंल." सगळं पाणी काही अडणार नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. पण एकाच कामाने प्यायचं पाणीही मिळेल आणि बांधही वाचेल, हे आम्हाला तोवर सुचलंच नव्हतं. पाणी बाहेर कसं घालवायचं एवढंच आम्ही पिढ्यान्‌पिढ्या शिकलो होतो.

निघताना अक्कांनी बाजरी दिली, हुलगे दिले आणि पाण्याने भरलेली मोठी बाटली माझ्या पिशवीत ठेवली. त्या मुलखात पाण्याची बाटली भेट मिळणं म्हणजे काय हे मला आता कळत होतं. मी वाकून नमस्कार केला. या वेळी कुणाला तहसीलदार समजून नाही.

घरी

ग्रामसभेत काका उठले तेव्हा कुजबुज झाली. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "बांध फुटला तवा दगड कुठं पडले होते?" सभेत बसलेल्या निम्म्या लोकांनी ते दगड चिखलातून स्वतः वेचले होते. "भाईर, चिखलात," दोघंतिघं म्हणाले. मग काकांनी सगळं समजावून सांगितलं, आणि मी वर तळं कुठे खोदायचं ते सांगितलं. शेतं सोडायची नाहीत असं ठरलं. पनवेलला खोल्या बघितलेल्यांपैकी दोन घरं तरी थांबली आहेत.

रशीदभाई बोलावल्याप्रमाणे मशीन घेऊन आले. आठवडाभर राहिले, रोज मासळी खाल्ली, आणि चार सांधे मला जोडायला दिले. डोंगराच्या कुशीत तळं तयार आहे, पावसाची वाट बघतंय.

काल बांधावर काम चालू असताना कमलअक्कांचा व्हिडिओ कॉल आला. त्यांनी अजून समुद्र पाहिलेला नाही, म्हणून मी हौसेने मोबाईल खाडीकडे वळवला.

"त्ये ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "आधी मामांचा दगूड दाखवा."

मी मोबाईल वळवला. गोमाकाका बांधाच्या आतल्या अंगाला उकिडवे बसून दगड बसवत होते. समोर डोंगर, मागे भरती चढत होती, आणि त्यांची पाठ खाडीकडे होती. इतक्या वर्षांत मी त्यांना असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. अक्का बराच वेळ निरखून बघत राहिल्या.

"आता बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "आता दावा तुमचा समुद्र."

मी दाखवला. खाडी पार मुखापर्यंत भरली होती आणि त्यापलीकडे नुसतं पाणीच पाणी. अक्कांनी चेहरा मोबाईलच्या अगदी जवळ आणला.

"आगं बाई," त्या म्हणाल्या. "एवढं पानी, आन् तुमी आमच्याकडं आला व्हय पानी धरायला शिकाया?"

काकांनी हातातला दगड नीट बसवला, फटीत चिप ठोकली आणि मागे वळून न बघता म्हणाले, "व्हय."